हा सिनेमा, ही कॅसेट तुमच्याकडे कोणाच्या हातून आली?

रामबागकर | शनिवार, रात्री ११:४०

गेल्या रविवारी भाचीला 'फाइट क्लब' दाखवला. आता कॉलेजात जाते, म्हटलं चालेल. शेवटी इमारती कोसळायला लागतात, ती गिटार सुरू होते, आणि ही एकदम सरसावून बसली. "मामा, हे गाणं मला माहितीये! रीलवर असतं हे." कोणाचं आहे विचारलं तर सांगता आलं नाही. त्याचं काही नाही, मलाही पहिल्यांदा सांगता आलं नव्हतं. पण ते गाणं तिला कोणी दिलेलं नव्हतं, आपोआप समोर आलं होतं, हे मात्र मनात रुतून बसलं. म्हणून हा धागा.

माझी गोष्ट सांगतो. मी तो सिनेमा २००१ साली पाहिला, इंदुरात पलसीकर कॉलनीत मित्राच्या खोलीवर, दोन सीडींवर तोडलेला. पहिली सीडी संपली की नेमकं ऐन रंगात उठून दुसरी घालायची. १९९९ मध्ये थिएटरात तो फारसा चालला नव्हता आणि पुढे डीव्हीडीवर जगला, यातलं आम्हाला काही ठाऊक नव्हतं. ज्याने सीडी आणली तो एवढंच म्हणाला, "काही विचारू नको, बघ." त्या खोलीत पाच जण होतो. सिनेमा संपल्यावर बराच वेळ कोणी दिवा लावला नाही.

श्रेयनामावली वर सरकत होती. मी ती तीन-चारदा थांबवून नाव वहीच्या मागच्या पानावर उतरवलं. 'व्हेअर इज माय माइंड', बँडचं नाव पिक्सीज. तेव्हा सायबर कॅफेत एक गाणं उतरवायला पाऊण-एक तास जायचा आणि निम्म्यात लाइन तुटायची. सपना-संगीता रोडवरच्या कॅफेत किती पैसे घातले मोजलेलं नाही. गाणं पूर्ण हातात आलं तेव्हा दिवाळी जवळ आली होती.

आणि मग उलगडत गेलं. माझ्याकडे १९९६ पासून निर्वाणा बँडची 'अनप्लग्ड' कॅसेट होती, पुण्याच्या मामेभावाने दिलेली. या पिक्सीजबद्दल वाचता वाचता कळलं की निर्वाणाचा गायक कोबेन याने जानेवारी १९९४ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत स्वतः कबूल केलं होतं की 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' हे गाणं करताना तो पिक्सीजचीच नक्कल करू पाहत होता. कडवं दबक्या आवाजात, धृपद कानठळ्या बसवणारं, परत दबकं. पिक्सीजची 'सर्फर रोझा' ही रेकॉर्ड १९८८ची. ती ज्याने ध्वनिमुद्रित केली त्या स्टीव्ह अल्बिनीलाच निर्वाणाने १९९३ मध्ये 'इन युटेरो'साठी बोलावलं. त्याने बँडला पत्र लिहिलं की मला रॉयल्टी नको, प्लंबरला देता तशी कामाची ठरलेली रक्कम द्या. लाखोंनी खपणार हे दिसत असताना! मे २०२४ मध्ये अल्बिनी गेल्याची बातमी आली, त्या रात्री मी 'इन युटेरो' लावून गॅलरीत बसून राहिलो. बायकोने विचारलं, ओळखीचे होते का? मी हो म्हणालो.

तर माझं मत असं आहे. सिनेमा कल्ट होतो, म्हणजे त्याच्याभोवती वेड्या चाहत्यांचा पंथ जमतो, तो एका माणसाने दुसऱ्याच्या हातात ठेवल्यामुळे. अमेरिकेत हे मध्यरात्रीच्या खेळांनी झालं. न्यूयॉर्कच्या एल्जिन थिएटरात डिसेंबर १९७० पासून 'एल तोपो' रात्री बाराला लावायचे. जाहिरात जवळपास नाहीच, जो पाहून यायचा तो पुढच्या खेपेला दोघांना घेऊन यायचा. 'रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ मध्ये पडला होता, १९७६ पासून तिथल्याच वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्री उठून उभा राहिला. आपल्याकडे मध्यरात्रीचे खेळ नव्हते. आपल्याकडे केबलवाला होता. 'अंदाज अपना अपना' नोव्हेंबर १९९४ मध्ये आला आणि आपटला. सलमान इंदूरचा जन्म असूनही इथेसुद्धा त्याचं फार कौतुक झाल्याचं मला आठवत नाही. पण आमच्या केबलवाल्याने त्याच्या लोकल चॅनलवर तो दुपारी दुपारी इतक्या वेळा लावला की गल्लीतल्या पोरांना तोंडपाठ झाला. त्या माणसाला दिग्दर्शकाचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला आवडायचा, म्हणून लावायचा. एप्रिल २०२५ मध्ये तो परत थिएटरात लागला तेव्हा मला त्या केबलवाल्याची आठवण झाली.

इथे प्रत्येकाने लिहावं. नाव लिहा, मत लिहा, पण कोणाच्या हातून आलं तेही लिहा.


बेसुरा_पण_ठाम | रविवार, सकाळी ८:०५

सुरेख धागा. पोहे गार झाले वाचता वाचता.

माझा सिनेमा 'ओम दर-ब-दर'. हात मावसबहिणीचा. ती वडोदऱ्याला फाइन आर्ट्सला होती, सुट्टीत इंदूरला येताना एक सीडी घेऊन आली. कोणत्यातरी व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली, कडा करड्या झालेल्या, आवाज मधेच बुडणारा. कमल स्वरूपचा सिनेमा, १९८८चा, अजमेर-पुष्करचा. बेडूक आहेत, हिरे आहेत, ज्योतिष आहे, शाळकरी पोरगा आहे आणि मधेच अशी गाणी की हसावं की घाबरावं कळत नाही. मी म्हणालो, "ताई, मला काही कळलं नाही." ती म्हणाली, "कळायला कोणी सांगितलंय? परत बघ." मी सात वेळा पाहिला.

जानेवारी २०१४ मध्ये, म्हणजे पंचवीसएक वर्षांनी, तो स्वच्छ होऊन पहिल्यांदा थिएटरात लागला. मी कामानिमित्त दिल्लीत होतो म्हणून पाहता आला. रंग पाहून रडू आलं. इतकी वर्षं मी करडा सिनेमा पाहत होतो आणि तो असा होता! तरी घरी आल्यावर ती जुनी सीडी टाकून दिली नाही.


पोहेजिलबी | रविवार, सकाळी ९:३०

माझ्याकडून 'जाने भी दो यारो'. हात दूरदर्शनचा, त्यामुळे नियमात बसतो का माहीत नाही. दोन फोटोग्राफरांची नावं विनोद आणि सुधीर का आहेत हे मला फार उशिरा कळलं. विधू विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा दोघंही त्या सिनेमावर काम करत होते. आणि बागेचं नाव अँटोनिओनी पार्क! अँटोनिओनीचा १९६६चा 'ब्लो-अप' पाहिल्याशिवाय ते कळायचं नाही, आणि न कळताही सिनेमा कुठे अडत नाही. एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशात केलेलं काम आहे ते. शेवट पाहून लहानपणी रात्री झोप आली नव्हती.


लष्करवाली | रविवार, दुपारी १२:१५

ग्वाल्हेरहून. आमच्या गावच्या पीयूष मिश्रांचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते.

१९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे' तयार होऊन पडून होता, खटल्याचा निकाल लागेपर्यंत न्यायालयाने प्रदर्शन थांबवलं होतं. फेब्रुवारी २००७ मध्ये आला. पण 'बंदे' हे गाणं आमच्या कॉलेजात त्याच्या आधीच फिरत होतं, शब्द पीयूष मिश्रांचे आणि संगीत इंडियन ओशन या बँडचं. माझ्याकडे आलं ते दादाच्या मित्राच्या एमपी३ प्लेअरवरून. मग त्या मुलाने त्यांची 'कंडीसा' ही रेकॉर्ड दिली, २०००ची. त्यातलं 'मा रेवा' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थिजले. नर्मदेच्या काठाला लोक पिढ्यानपिढ्या म्हणत आलेलं गाणं, त्याच्याखाली बास गिटार. ती वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काही वर्षं काम करत होता, गाणं त्या काठावरून आलेलं आहे. तुम्ही इंदूरकर तर तेच पाणी पिता.

ढोल-तबला वाजवत गाणारा असीम चक्रवर्ती २००९च्या डिसेंबरात गेला. त्यानंतरचा बँड मी ऐकते, आदराने ऐकते. पण 'कंडीसा' वेगळी.


रामबागकर | रविवार, दुपारी १:००

लष्करवाली, जलूदहून पंपाने चढवलेलं पाणी नळाला येतं तेव्हा रेवा शब्द कोणाच्या डोक्यात येत नाही, आता माझ्या येईल. 'पाँच'बद्दल कोणीतरी लिहा ना. अनुराग कश्यपचा पहिला, सेन्सॉरने अडवलेला. पाच जणांच्या रॉक बँडची गोष्ट, आणि मुळाशी १९७६-७७चं पुण्याचं जोशी-अभ्यंकर खून प्रकरण. आमच्या घरात त्या प्रकरणाबद्दल मोठी माणसं दबक्या आवाजात बोलायची. थिएटरात न लागता पेन ड्राइव्हवरून सगळ्यांनी पाहिलेला सिनेमा. के के मेनन त्यात जे करतो ते पाहून मी एक दिवस कोणाशी नीट बोललो नव्हतो.


सडेतोड | रविवार, दुपारी ४:२०

विरोधी मत नोंदवतो, राग नसावा.

कल्ट हा शब्द आता पडलेल्या सिनेमाचं सांत्वन झाला आहे. ज्याला प्रेक्षक मिळाला नाही तो कल्ट, ज्याच्या कथेला बूड नाही तो कल्ट. आणि जो खरोखर आपला, मराठी घराघरात तीस-पस्तीस वर्षं पाहिला जातो, तो 'अशी ही बनवाबनवी' मात्र तुमच्या यादीत नाही, कारण तो १९८८ मध्ये तुफान चालला होता! आमच्याकडे सुदामा नगरात गणपतीत पडदा लावून दाखवायचे, अर्ध्या मंडपाला पुढचं वाक्य आधीच येत असे. याहून मोठा पंथ कुठला?

दुसरं, 'तुंबाड'. ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा मी पहिल्या आठवड्यात पाहिला, हॉल निम्मा रिकामा. सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई! सहा वर्षांत सिनेमा बदलला का? लोकांना सांगितलं गेलं की हा कल्ट आहे, म्हणून लोक गेले.


रामबागकर | रविवार, संध्याकाळी ६:५०

सडेतोड, बनवाबनवीवर तुमचं बरोबर, मी चुकलो. मंडपातलं ते एका सुरात बोलणं आणि 'रॉकी हॉरर'ला लोक पडद्यासमोर ओरडतात ते, एकाच जातीचं आहे.

'तुंबाड'वर मात्र सहमत नाही. त्या सहा वर्षांत लोकांनी तो एकमेकांना दाखवला. मी स्वतः अकरा जणांना घरी बसवून दाखवलाय. पावसाळ्यामागून पावसाळे चित्रीकरण करून तो पाऊस त्याच्या दिग्दर्शकाने पकडला. राही अनिल बर्वे म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा, हे ज्यांना माहीत होतं त्यांना त्या काळोखाचं फार नवल वाटलं नसणार. आणि नारायण धारपांच्या गोष्टी उशाशी घेऊन वाढलेल्या मराठी माणसाला ती साखळीने बांधलेली आजी नवी कशी वाटेल? सिनेमा हिंदी आहे, पण तो वाडा आपला आहे. माझ्या आईने तो पाहिला आणि म्हणाली, "असा दरवाजा आमच्या आजोळी होता." मग तिने आजोळच्या बंद खोलीबद्दल सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं.


स्नेहलतागंज_जुनं | रविवार, रात्री ९:१०

दादा, धागा मनापासून आवडला, म्हणूनच तक्रार मांडते. हात सगळे मुलांचे आहेत. एक ती वडोदऱ्याची ताई सोडली तर.

तुम्ही मित्राच्या खोलीवर पाच जण बसून सिनेमा पाहिलात. मला १९९४-९५ मध्ये तशी खोली नव्हती. सीडीच्या दुकानात एकटीने जाऊन तासभर उभं राहायची सोय नव्हती. मी रात्री सगळे झोपल्यावर टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून चॅनल व्ही बघायचे, कान स्पीकरला लावून. तिथे ब्रीडर्सचं 'कॅननबॉल' लागलं. ती किम डील! तुमच्या त्याच पिक्सीजची बास वाजवणारी. 'सर्फर रोझा'वरचं 'जायगँटिक' तिने गायलंय. पुढे तिने ब्रीडर्स हा स्वतःचा बँड काढला आणि १९९३ची 'लास्ट स्प्लॅश' ही रेकॉर्ड केली. तुमच्या पोस्टमध्ये पिक्सीज चारदा आहेत आणि किम डील एकदाही नाही.

गायिका पी जे हार्वीची 'रिड ऑफ मी' त्याच वर्षीची, ध्वनिमुद्रण अल्बिनीचंच. ती रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं की कोणीतरी माझ्याऐवजी ओरडतंय. आणि 'टीन स्पिरिट' हे नाव कुठून आलं तेही लिहून ठेवते. बिकिनी किल बँडच्या कॅथलीन हॅनाने कोबेनच्या खोलीच्या भिंतीवर ते लिहिलं होतं, बायकांच्या एका डिओडरंटचं नाव होतं ते. त्या गाण्याचं बारसं एका बाईने केलंय.

'फाइट क्लब'बद्दल एवढंच की ज्या मुलांवर तो सिनेमा बोट ठेवतो तीच त्याचं पोस्टर खोलीत लावतात. भाचीला दाखवलात हे चांगलं केलंत. तिला काय वाटलं तेही विचारा.

माझ्यासाठी कोणाचा हात नव्हता. म्हणून विद्यापीठात शिकायला लागल्यावर मी कोऱ्या टीडीके कॅसेटवर भरून मैत्रिणींना द्यायला लागले. किती दिल्या आठवत नाही. एक जण आता ऑस्ट्रेलियात आहे, तिच्याकडे ती कॅसेट अजून आहे.


रामबागकर | रविवार, रात्री १०:३०

ताई, वाचून थांबलो. खरं आहे, किम डीलचं नाव मी घ्यायलाच हवं होतं. 'जायगँटिक' आत्ता लावलंय.

भाचीला विचारलं. म्हणाली, "मामा, त्यात एकच बाई आहे आणि तिचं कोणी ऐकतच नाही."


माळव्याचा_म्हातारा | सोमवार, सकाळी ६:४५

मी या संगीतातला नाही, तरी लिहितो. वय ७१. ज्याला अल्टरनेटिव्ह, म्हणजे रुळलेल्या वाटेपलीकडचं संगीत म्हणतात, ते आम्ही देवासला पाहिलं आहे. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, १९४८ मध्ये देवासला आले, क्षयाने गाणं बंद झालं, अंथरुणावर पडून माळव्याच्या बायकांची गाणी ऐकली. उठले तेव्हा गाणंच वेगळं. केवढी टीका झाली त्यांच्यावर! घराण्यांच्या लोकांना पचेना. निर्गुणी भजनात आवाज असा फेकायचे आणि मग अशी शांतता सोडायचे की मांडवात कोणी खाकरत नसे. तुम्ही दबक्या कडव्याबद्दल आणि मोठ्या धृपदाबद्दल लिहिलंत ते वाचून मला तेच आठवलं.


बेसुरा_पण_ठाम | सोमवार, सकाळी १०:००

काका, नमस्कार. कुमारजींबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण एक भीती वाटते. आपण मराठी माणसं प्रत्येक गोष्ट शेवटी कुमारजींच्या ओट्यावर नेऊन बसवतो, म्हणजे घरात चालते. काही गाणी नुसता गोंगाट आहेत आणि गोंगाट म्हणूनच मला हवी आहेत. सोनिक यूथ बँडच्या 'डेड्रीम नेशन'मध्ये गिटारी मुद्दाम वेगळ्या, अनोळखी सुरात लावलेल्या आहेत. त्याला रागदारीचं प्रमाणपत्र नको.


रामबागकर | सोमवार, दुपारी २:१०

दोघांचंही पटतंय, तरी काकांच्या बाजूने एक आठवण लिहितो.

'अनप्लग्ड' कॅसेट मी बाबांच्या टेपवर लावायचो, त्यांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी बाजूला सारून. त्यात १४ गाणी आहेत आणि त्यातली ६ दुसऱ्यांची. सगळ्यात गाजलेलं 'टीन स्पिरिट' ध्वनिमुद्रणाच्या त्या संध्याकाळी वाजवलंच नाही. शेवटचं आहे ते लेड बेलीने गायलेलं जुनं अमेरिकन लोकगीत. अखेरच्या ओळीआधी कोबेन एक श्वास घेतो. बाबा दारात उभे होते, हातात पेपर. गाणं संपलं. मला वाटलं आता ओरडतील. म्हणाले, "आवाज फाटतोय, पण सूर सोडत नाहीये." मग म्हणाले, "मागे घे जरा."

बाबांना आधार म्हणून कुमारजी लागले नाहीत, त्यांनी सरळ ऐकलं. त्यामुळे गोंगाट गोंगाट म्हणूनच राहू दे, आणि काकांसारखं कोणी कान देऊन ऐकणार असेल तर त्यांना त्यात देवास ऐकू येऊ दे.


हेडफोन१९ | सोमवार, रात्री ११:५५

मी १९ वर्षांचा आहे, विजयनगरला राहतो. धागा दोनदा वाचला. मला थोडं लागलं म्हणून लिहितोय.

मला 'मॅड वर्ल्ड' हे गाणं एका छोट्या व्हिडिओखाली सापडलं. कोणी दिलं नाही. मग ते 'डॉनी डार्को' या सिनेमातलं आहे हे मी शोधलं, मूळ टीअर्स फॉर फिअर्स बँडचं आहे हेही शोधलं. तो सिनेमा अमेरिकेत ऑक्टोबर २००१ मध्ये आला, ११ सप्टेंबरला विमानं कोसळून दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्यात घरावर विमानाचं इंजिन पडतं. कोण बघणार? हे मी वाचून काढलं. वहीत नाही, फोनमध्ये उतरवलं, पण उतरवलं. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँडसुद्धा मला असाच सापडला. त्यानंतर मी चार मित्रांना ऐकवला आणि आम्ही पाचही जण रोज रात्री ५६ दुकानला तेच बोलतो. सुरुवात मशीनने केली म्हणून आमचं प्रेम कमी कसं?


रामबागकर | मंगळवार, सकाळी ७:३०

हेडफोन, कमी नाही. तू चौघांना दिलंस, तिथे तुझा हात आला. माझ्या पहिल्या पोस्टमधलं 'दुसऱ्याच्या हातात ठेवल्यामुळे' हे वाक्य मी बदलत नाही, पण त्याखाली तुझा प्रतिसाद वाचायला सांगेन.

एक विनंती. ज्यांच्याकडे 'रॉक स्ट्रीट जर्नल'चे नव्वदच्या दशकातले अंक असतील त्यांनी मुखपृष्ठांचे फोटो टाका. १९९३ मध्ये अलाहाबादहून निघालेलं मासिक! मुंबई नाही, दिल्ली नाही. हिंदी पट्ट्यातल्या गावातून रॉकचं मासिक निघतं हे पाहून आम्हाला वाटलं होतं की आपण एकटे नाही. माझे चार अंक घर बदलताना गेले.

आणि दुसरी विनंती, घाईची. भाचीने 'अनप्लग्ड'ची कॅसेट मागितली आहे. कॅसेट सापडली, पण बाबांचा टेप फिरत नाही. मोटरचा आवाज येतो, चाकं हलत नाहीत. इंदुरात अजून कोणी दुरुस्त करतं का?


पोहेजिलबी | मंगळवार, सकाळी ९:१५

बेल्ट गेला असणार. रबर चिकट होऊन वितळतं. कापसावर स्पिरिट घेऊन पुली आधी स्वच्छ करा, नाहीतर नवा बेल्ट घसरेल. महाराणी रोडला विचारा, आतल्या गल्लीत एक काका अजून डेक उघडतात. जुना बेल्ट तुटका असला तरी सोबत न्या, माप त्याच्यावरूनच काढतात. दुपारी तीनच्या आत जा.


स्नेहलतागंज_जुनं | मंगळवार, सकाळी ९:४०

आणि कॅसेट लगेच लावू नका. इतकी वर्षं पडून राहिलेली फीत आतल्या आत चिकटते. आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवून घ्या. भाचीला फिरवू द्या.